‘कमीत कमी’ वाचलं की पोरं ‘लहान’चं चिन्ह का काढतात?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही गावातल्या सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी घेता. क्ष + ३ < १० अशी असमानता (लहान-मोठेपणा सांगणारं विधान) तयार लिहून दिली की मुलं सोडवतात. पण ‘पेरणीसाठी कमीत कमी ७५ मिमी पाऊस हवा’ हे चिन्हांत लिहा म्हटलं की तुमची सगळ्यात हुशार पोरगीसुद्धा प ≤ ७५ (पाऊस ७५ किंवा त्याहून कमी) लिहून मोकळी होते. संख्यारेषेवर गोल पोकळ काढायचा की भरीव, हे पाठ करून घेतलंत, तरी आठ दिवसांनी पुन्हा उलटं. शेतातल्या-घरातल्या उदाहरणांनी हे पक्कं कसं करायचं?

मी वर्धा आणि यवतमाळकडच्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर सव्वीस वर्षं गणित शिकवलं. पहिली काही वर्षं मीही चिन्हंच घोकून घेत होतो. मग एका जूनमध्ये फळ्यावर हेच पेरणीचं वाक्य लिहिलं आणि एका पोराला विचारलं, “तू लहानचं चिन्ह काहून काढलं?” तो म्हणाला, “सर, वाक्यात ‘कमी’ लिवलं हाये ना, दोनदा!”

त्याचं बरोबर होतं. ‘कमीत कमी’ या शब्दांत ‘कमी’ दोनदा येतं, आणि अर्थ मात्र ‘तेवढं किंवा त्याहून जास्त’ असा आहे. ‘जास्तीत जास्त’चं तेच, उलट्या बाजूने. पोरं शब्द पाहून चिन्ह काढतात. म्हणून आधी शब्दांकडे बघू, चिन्हं मागाहून येतील.

मी मुलांना वाक्य मिळालं की पेन खाली ठेवायला लावतो आणि एकच गोष्ट करायला सांगतो: तीन आकडे घ्या. एक काठाच्या अलीकडचा, एक पलीकडचा आणि एक बरोबर काठावरचा. पेरणीचं वाक्य असेल तर ६०, ७५ आणि ९०. ६० मिमी पाऊस झाला, तुझे बाबा पेरतील? पोरं एका सुरात “नाही” म्हणतात, कारण घाई करून पेरलं, पावसाने दडी मारली आणि दुबार पेरणी करावी लागली, हे त्यांनी घरात पाहिलेलं असतं. ९० झाला? पेरतील. बरोबर ७५ झाला? इथे थोडी चर्चा होते. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. म्हणजे ७५ झाला तर परवानगी आहे. ६० नाही, ७५ हो, ९० हो. आता पेन उचला. प ≥ ७५ सोडून दुसरं काही लिहिताच येत नाही. पोरांना आपल्या शेतातलं उत्तर आधीच ठाऊक असतं. चिन्हाने फक्त ते उत्तर टिपायचं.

दुसरी अडचण आपल्या भाषेच्या घडणीतच आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. आपण म्हणतो, ‘६५ पेक्षा पाऊस जास्त झाला.’ वाक्यात आधी ६५ येतं, मग पाऊस, आणि शेवटी ‘जास्त’. पोरगं डावीकडून उजवीकडे जसं ऐकलं तसं लिहीत जातं: ६५, जास्तचं चिन्ह, प. झालं ६५ > प, म्हणजे नेमकं उलटं. त्याला चिन्ह येत नाही असं समजून आपण पुन्हा चिन्ह शिकवायला बसतो, आणि चूक तिथेच राहते. यावर माझा उपाय साधा आहे. वाक्य वाचून झालं की विचारायचं, “बोलणं कोणाबद्दल चाललंय?” पावसाबद्दल. तर पावसाचं अक्षर आधी लिहायचं, आकडा नंतर. प > ६५. ज्याच्याबद्दल बोलतो तो डावीकडे, एवढी एक सवय लागली की मग ६५ < प आणि प > ६५ एकच आहेत, हे महिन्याभराने दाखवा. पहिल्या दिवशी दाखवू नका.

अक्षराबद्दल एक गोष्ट लिहून ठेवायला लावा. प म्हणजे पाऊस नव्हे, प म्हणजे पावसाचे मिलिमीटर. व म्हणजे आजोबा नव्हेत, व म्हणजे आजोबांच्या वयाची वर्षं. वहीत पहिली ओळ हीच असली पाहिजे. ही ओळ टाळणारी मुलं पुढे ‘न’ म्हणजे पोती की पोत्यांचे पैसे, यात अडकतात.

चिन्ह म्हणजे मगरीचं तोंड, ते मोठ्या आकड्याकडे उघडतं, ही युक्ती सगळीकडे शिकवतात. ७ आणि ४ असे दोन्ही आकडे समोर असताना ती चालते. पण क्ष समोर आला की मगरीने कोणाकडे बघायचं? क्ष मोठा की छोटा, हे तर अजून ठरायचंच आहे. म्हणून मी पाचवीनंतर मगर वापरत नाही.

आता ६५ मुद्दामच घेतलं होतं. एका महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीच्या पंचनाम्यांची चर्चा सुरू होते. विदर्भातल्या पोरांना हा आकडा सांगावा लागत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये पारावर तो रोज ऐकू येतो. इथे काठावरचा आकडा विचारा: बरोबर ६५ मिमी झाला तर? नियमात ‘पेक्षा जास्त’ आहे, म्हणजे ६५ बाहेर. प > ६५. पेरणीत ७५ आत होता, इथे ६५ बाहेर आहे. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा, पोकळ आणि भरीव गोलातला फरक आपोआप बोलायला लागतो. पोकळ गोल म्हणजे ‘इथपर्यंत आलास, पण आत नाहीस’. भरीव म्हणजे ‘तूही आत’.

आणि एक चूक इथे हमखास निघते. “सर, पासष्टपेक्षा जास्त म्हणजे सहासष्टपासून, नाही का?” मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद दशांशात येते. ६५.२ झाला तर तो ६५ पेक्षा जास्तच आहे. म्हणून पोकळ गोल ६५ वरच काढायचा आणि त्याला लागूनच रेघ ठळक करत उजवीकडे बाणापर्यंत न्यायची. ६६ वर भरीव गोल काढला तर मधला सगळा पाऊस वाहून गेला.

संख्यारेषा मी कागदावर सुरू करत नाही. शाळेच्या अंगणात दोन खुंट्या ठोकून सुतळी ताणतो, तिच्यावर दर वितीला चिंधीची गाठ मारतो आणि गाठींना ५५, ६०, ६५, ७०, ७५ अशी खडूने लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी लावतो. एक काचेची बांगडी आणि एक डब्याचं झाकण जवळ ठेवतो. बांगडीतून सुतळी दिसते, तो पोकळ गोल. झाकणाने सुतळी झाकली जाते, तो भरीव. मग पोरांना गाठींवर उभं करायचं, काहींना दोन गाठींच्या मध्ये, आणि वाक्य वाचायचं: ‘पाऊस कमीत कमी ७५ मिमी.’ जे आत आहेत त्यांनी हात वर करायचा. एकदा ७५ च्या गाठीवरच्या पोरीने अर्धवट हात वर केला आणि म्हणाली, “सर, मी आत का बाहेर, ते आधी ठरवा.” सगळी पोरं थांबली. मी काहीच बोललो नाही. शेवटी मागच्या बाकावरच्या पोराने येऊन तिच्या पायाशी झाकण ठेवलं. त्या दिवसानंतर त्या वर्गात भरीव गोल चुकल्याचं मला फारसं आठवत नाही.

≤ आणि ≥ या चिन्हांबद्दल मुलं एक खरा प्रश्न विचारतात, त्याला नीट उत्तर द्या. “सर, १२ ≤ १२ खरं कसं? बारा बारापेक्षा लहान थोडाच आहे?” या चिन्हाचं वाचन ‘लहान किंवा बरोबर’ असं आहे, आणि ‘किंवा’ला एकच बाजू खरी झाली तरी पुरते. तिकिटावर ‘दिव्यांग किंवा ज्येष्ठ’ लिहिलं असेल तर सवलतीला दोन्ही असावं लागत नाही. त्यांना थोडा इतिहासही सांगा, पोरं आवडीने ऐकतात. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापलं. < आणि > ही चिन्हं थॉमस हॅरियट यांच्या ग्रंथात १६३१ मध्ये आली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. आणि ‘किंवा बरोबर’ सांगणारं चिन्ह प्येर बुगे यांनी १७३४ मध्ये वापरलं, त्यांच्या चिन्हात खाली बरोबरच्या दोन्ही रेघा होत्या. काठावरच्यासाठी वेगळं चिन्ह यायला जगाला आणखी शंभर वर्षं लागली. तर आपल्या पोराला आठ दिवस लागले म्हणून रागावू नये.

शब्दांकडे पुन्हा येतो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. किमान, निदान, कमीत कमी, पासून पुढे: काठ आत, चिन्ह ≥. कमाल, जास्तीत जास्त, पर्यंत: काठ आत, चिन्ह ≤. ओलांडला, पेक्षा जास्त, पेक्षा कमी: काठ बाहेर. नकाराची वाक्यं वेगळी काढून शिकवा, ‘बारापेक्षा जास्त नको’ यात ‘जास्त’ दिसतं पण अर्थ ≤ १२ आहे. ‘नको’ आला की दिशाही फिरते आणि बाहेरचा काठ आत येतो. आणि ‘आत’ हा शब्द मात्र भरवशाचा नाही. ‘पाचच्या आतली पोरं’ म्हटलं तर पाच पूर्ण झालेलं पोरगं आपण त्यात धरत नाही. पण पीक नुकसानीची सूचना ‘७२ तासांच्या आत’ द्या म्हटलं तर ७२ वा तास पुरा होईपर्यंत वेळ आहे असंच आपण समजतो. शब्द तोच, काठ वेगळा. म्हणून यादी पाठ करून घेण्यावर माझा विश्वास नाही. तीन आकडे घालून बघणं प्रत्येक वाक्याला लागू पडतं.

‘किमान’वरून आठवलं. किमान आधारभूत किंमत म्हणजे हमीभाव, हे पोरांना माहीत असतं. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. भ म्हणजे मिळालेला भाव, तर कागदावर भ ≥ ४८९२. वर्गात एखादं पोरगं हमखास म्हणतं, आमच्या बाबांना तर त्याच्याखाली विकावं लागलं. त्याला गप्प करू नका. त्याने भ < ४८९२ लिहावं, दोन्ही असमानता एकाच रेषेवर काढाव्यात. ४८९२ वर भरीव गोल आणि उजवीकडे रेघ हे आश्वासन. त्याच ठिकाणी पोकळ गोल आणि डावीकडे रेघ हा बाजार. रेषेवर त्या दोघांचा एकही बिंदू सामाईक नाही. मला वाटतं, आपल्या भागातल्या पोराला असमानता शिकवायला याहून खरं उदाहरण मिळणार नाही.

दोन काठांची असमानता शिकवायला कापूस घ्या. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याप्रमाणे कपात, १२ च्या वर कापूस घेत नाहीत. ओ म्हणजे ओलाव्याची टक्केवारी. पूर्ण भाव: ओ ≤ ८. कपात: ८ < ओ ≤ १२. परत: ओ > १२. आता एकाच संख्यारेषेवर तीन रंगांनी काढायला लावा. ८ वर पहिल्या रंगाचा गोल भरीव आणि दुसऱ्या रंगाचा पोकळ. १२ वर दुसऱ्या रंगाचा भरीव आणि तिसऱ्याचा पोकळ. काठावरचा आकडा एकाच घरात राहतो, दोन्ही घरांत नाही आणि बेघरही नाही, हे तीन रंगांत लख्ख दिसतं. आणि ओलावा शून्याखाली जात नाही, म्हणून पहिली रेघ ० ला थांबवायची. बाण काढून डावीकडे उणे आकड्यांत पाठवली तर त्या पोराला विचारा, उणे तीन टक्के ओला कापूस कुठे पाहिलास?

एसटीच्या तिकिटाचंही असंच आहे: पुरुषांमध्ये ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत. ‘ते’ आणि ‘पुढे’ या दोन शब्दांत ७५ कुठे जातो, यावर मुलांना वाद घालू द्या. बोलीभाषा कुठे मोघम राहते आणि चिन्ह कुठे ठामपणे बोलतं, हे त्यातूनच कळतं.

आता चिन्ह फिरण्याचं. उणे संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, हा नियम बहुतेक पोरं मंत्रासारखा म्हणतात आणि कारण विचारलं की गप्प होतात. त्यासाठी फवारणी घ्या. बांधावर २०० लिटरचा ड्रम भरलेला आहे. पाठीवरच्या पंपाला एका खेपेला १५ लिटर पाणी लागतं. फवारणी झाल्यावर साबणाने हातपाय-तोंड धुवायला निदान २० लिटर उरलंच पाहिजे. (२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. ते वीस लिटर मी या गणितातून कधीही काढत नाही, आणि मुलांना का ते सांगतो.) न म्हणजे भरून मारलेल्या पंपांची, म्हणजे खेपांची संख्या. उरलेलं पाणी २०० − १५न, आणि ते निदान २०:

२०० − १५न ≥ २०

दोन्हीकडून २०० काढले: −१५न ≥ −१८०. आता −१५ ने भागायचं. इथे थांबा आणि नियम सांगू नका. मुलांना हाताने मोजू द्या. १० पंप मारले, उरले ५० लिटर, चालेल. १२ मारले, उरले बरोबर २०, चालेल. १३ मारले, उरले ५, धुणार कसे? म्हणजे १० हो, १२ हो, १३ नाही: न ≤ १२. चिन्ह फिरलं! का फिरलं, तर पंप वाढले की ड्रममधलं पाणी कमी होतं. पाण्याला खालची मर्यादा घातली की पंपांना आपोआप वरची मर्यादा पडते. उणे चिन्ह म्हणजे हीच उलटी चाल. ज्या पोराने ड्रममध्ये डोकावून पाहिलं आहे, त्याला हे एकदाच सांगावं लागतं.

इथे आलेखाचाही एक बारकावा आहे. पाऊस आणि ओलावा मोजायच्या गोष्टी, त्यांची रेघ सलग. पंप, पोती, माणसं या गणायच्या गोष्टी. साडेतीन लिटर असतं, साडेतीन पोती खत दुकानदार देत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना आणि खिशात ३,००० रुपये, तर २६६.५न ≤ ३०००, म्हणजे न ≤ ११.२५ च्या आसपास. उत्तर ११ गोण्या (११ च्या २,९३१.५० होतात, १२ च्या ३,१९८). संख्यारेषेवर ० पासून ११ पर्यंत सुटे बारा ठिपके, सलग रेघ नाही. ११.२५ ला जवळची पूर्ण संख्या ११ म्हणून ११ घेतले, असं काही मुलं सांगतात. त्यांना खिशात ३,१५० रुपये घालून तेच गणित द्या. उत्तर ११.८२ च्या जवळ येतं, जवळचा पूर्णांक १२, पण पैसे अकराच गोण्यांचे.

तपासणीसाठी एक शेवटची सवय. रेघ काढून झाली की ठळक भागातला कोणताही एक आकडा उचलून मूळ वाक्यात घालायचा. चिन्हांच्या ओळीत नव्हे, मराठी वाक्यात. चिन्हच उलटं लिहिलं असेल तर त्यावरून काढलेली रेघ त्या चिन्हाशी बरोबरच जुळते, आणि चूक सापडत नाही. वाक्यात आकडा घातला की सापडते.

तेव्हा तुमच्या त्या हुशार पोरीच्या वहीवर लाल फुली मारू नका. तिच्या प ≤ ७५ च्या शेजारी पेन्सिलीने फक्त ‘६० मिमी झाला, पेरायचं का?’ एवढं लिहा आणि वही तिच्याकडे परत द्या.